अभ्यासिकेसाठी स्वस्तातला राऊटर सुचवा, एकाने डाउनलोड लावलं की सगळ्यांचं नेट बसतं

अमळनेर_अभ्यासिका:
नमस्कार मंडळी. अमळनेरला आमची स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे, ६० खुर्च्या, एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती सगळी पोरं, आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात आणि रात्रीपर्यंत बसतात. फायबर १०० एमबीपीएसचं आहे, सकाळी स्पीड टेस्ट लावली तर पूर्ण १०० दाखवतं, पण संध्याकाळी हॉल भरला आणि एकाने काही मोठं डाउनलोड लावलं की बाकीच्यांचे लाइव्ह लेक्चर फिरतच बसतात. परवा एका पोरीचा टेस्ट सिरीजचा पेपर वेळ संपेपर्यंत सबमिटच झाला नाही, रडायला आली ती, मला फार वाईट वाटलं. नेटवाला म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या, दुकानदार म्हणतो मोठ्या अँटेनावाला गेमिंग राऊटर घ्या. बजेट ८ हजार. सगळ्यांना सारखं नेट वाटून देईल असं काय येईल त्यात? एक जुना डेस्कटॉप पण पडून आहे, त्याचा राऊटर बनतो म्हणतात, करू का? सध्या कंपनीने दिलेला वायफायवाला फायबर बॉक्सच सगळं सांभाळतोय.

पांझराकाठ:
भाऊ प्लॅन वाढवायची घाई करू नका. आधी एक करा, हॉल भरलेला असताना केबल लावलेल्या लॅपटॉपवर ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड, चालू ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर मोठी फाईल डाउनलोडला टाका. रिकाम्या लाईनवर १०-२० मिलीसेकंद असणारा पिंग ३००-४०० वर गेला तर तुमचा प्रॉब्लेम स्पीडचा नाहीच, रांगेचा आहे. बॉक्समध्ये पॅकेट साचत जातात आणि तुमच्या पोरीचं छोटंसं सबमिटचं पॅकेट त्या ढिगाच्या मागे उभं राहतं, याला बफरब्लोट म्हणतात. ३०० चा प्लॅन घेतला तरी एक डाउनलोड तेही भरून टाकेल. आपल्याकडे पांझरेवर फड बागायतीत जसं पाणी वाटून देतात, वरच्याने सगळं तोडून घेतलं असं चालत नाही, तसं वाटून देणारा राऊटर पाहिजे. मायक्रोटिकचा हेक्स घ्या, आरबी७५०जीआर३. पाच गिगाबिट पोर्ट, ड्युअल कोअर ८८० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, १०० च्या लाईनला भरपूर झालं. अँटेना मोजून ट्रॅफिक मॅनेज होत नाही भो, रांग लावायचं काम प्रोसेसर करतो आणि त्याला तसं सॉफ्टवेअर लागतं.

भुसावळ_केबल:
हेक्सला माझंही मत. फक्त लावताना ही सेटिंग चुकू देऊ नका, बरेच जण इथंच अडकतात आणि मग राऊटरला नावं ठेवतात. डिफॉल्ट फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा (पॅकेट शॉर्टकटने पाठवायचा) रूल असतो, त्याने ट्रॅफिक क्यूला, म्हणजे रांगेला, वळसा घालून निघून जातो, तो बंद करा नाहीतर क्यू लावूनही काही फरक दिसणार नाही. मग सिम्पल क्यूमध्ये टार्गेट म्हणून पूर्ण लॅनचं, म्हणजे तुमचं आतलं, नेटवर्क द्या, लिमिट दोन्हीकडे ९० एमबी ठेवा, १०० नाही, कारण रांग तुमच्या राऊटरमध्ये लागली पाहिजे, पुढच्या बॉक्समध्ये नाही. क्यू टाइपला पीसीक्यू अपलोड आणि पीसीक्यू डाउनलोड निवडा, पीसीक्यू म्हणजे जोडलेल्या प्रत्येकाला सारखी वाटणी. एकटा असला तर त्याला पूर्ण ९० मिळतील, ४० जण एकदम ओढायला लागले तर प्रत्येकी सव्वादोन, म्हणजे साधं लेक्चर आरामात चालेल. एकेका मोबाईलचा मॅक ॲड्रेस (वायफायवरचा ओळख नंबर) टाकून लिमिट लावत बसू नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खोटा मॅक दाखवतात, कोण कुठला ते कळत नाही.

हेक्सला वायफाय नाही हे पण लक्षात घ्या. जुना एखादा राऊटर असेल तर त्याचा डीएचसीपी (आयपी ॲड्रेस वाटायचं काम) बंद करून केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, झाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा डबा. ६० पोरांना एक पुरणार नाही, हॉलच्या दोन टोकांना दोन लावा, २.४ वर दोघांना वेगळे चॅनल द्या, १, ६ किंवा ११ मधलेच, आणि नवे फोन ५ गिगाहर्ट्झवर जातील असं बघा.

जळगाव_लिनक्स:
वरचं सगळं बरोबर आहे पण मी मायक्रोटिकमध्ये पीसीक्यूच्या ऐवजी केक नावाचा क्यूचा प्रकार वापरीन, मायक्रोटिकच्या राऊटर ओएस ७ या सॉफ्टवेअरमध्ये आलंय ते. पीसीक्यूने वाटणी होते पण एकाच पोराचं डाउनलोड आणि त्याचंच लेक्चर यांच्यात तो नीट भेद करत नाही, केक करतो. मेनू बघून डोकं फिरत असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं राऊटर सॉफ्टवेअर चालणारा राऊटर घ्या, त्यात हीच रांग लावणारं एसक्यूएम नावाचं पॅकेज आहे, डाउनलोड-अपलोडच्या स्पीडचे दोन आकडे टाकायचे आणि चालू. फक्त मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही त्यांच्या हार्डवेअरच्या यादीत बघूनच पैसे द्या, एकाच नावाच्या राऊटरच्या वेगळ्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी निघते. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाले जुने डबे कोणी फुकट दिले तरी नको. टीपी-लिंकचा ईआर६०५ पण बजेटात बसेल, पुढे दुसऱ्या कंपनीची लाईन जोडायची असेल तर तो सोपा पडतो, पण आत्ताच्या दुखण्यावर हेक्सच.

अमळनेर_अभ्यासिका:
खूप आभार सगळ्यांचे. पिंग बघितला, रिकाम्यात १२ आणि डाउनलोड लावल्यावर साडेतीनशेच्या वर, म्हणजे पांझराकाठ भाऊ म्हणतात तेच. डेस्कटॉपचं राहिलं, तो फुकटात पडतो म्हणून विचारतो, आणि आमच्याकडे लाईट पण जाते मधून मधून.

पांझराकाठ:
फुकटात नाही पडत तो. जुना डेस्कटॉप ६० वॅट धरला तर २४ तास चालवून महिन्याला ४३ युनिट, हेक्स ५ वॅट धरला तर साडेतीन-पावणेचार. त्यात दुसरं लॅन कार्ड घ्या, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात धुळीने भरलेला पंखा किती टिकेल ते बघा. ओपीएनसेन्स वगैरे (पीसीचा राऊटर करणारं सॉफ्टवेअर) शिकायला मस्त आहे, शिकायचं असेल तर घरी लावा, पोरांच्या अभ्यासावर नको.

लाईटचं सोपं आहे. आरबी७५०जीआर३ ला ८ ते ३० व्होल्टपर्यंत काहीही चालतं, त्यामुळे राऊटरला लावायचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस डायरेक्ट चालेल, पिन बसते का ते दुकानातच लावून बघा. हेक्सचं नवं मॉडेल हातात दिलं तर त्याच्या मागचा व्होल्टचा आकडा वाचा, तो वेगळा असू शकतो. फायबरचा बॉक्स आणि ॲक्सेस पॉइंट पण बॅकअपवर पाहिजेत नाहीतर एकटा राऊटर चालू राहून उपयोग नाही.

भुसावळ_केबल:
आणि दादा, नेटवाल्याला फायबर बॉक्स ब्रिज मोडला टाकायला सांगा, म्हणजे तो नुसती लाईन पुढे देईल, पीपीपीओईचं (लाईनवर लॉगिन करायचं) युजरनेम पासवर्ड मागून हेक्समध्ये टाका, त्या बॉक्सचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर पोरं त्यालाच जोडतील आणि तुमच्या क्यूला विचारणार कोण. लावल्या लावल्या राऊटर ओएस अपडेट करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि विनबॉक्स (मायक्रोटिकची सेटिंग करायचं ॲप) बाहेरच्या इंटरनेटवरून उघडं ठेवू नका, २०१८ मध्ये त्यातल्याच एका भोकातून जगभरातले मायक्रोटिक हॅक झाले होते.