ओपनसीव्ही टाकलं की टेन्सरफ्लो मरतं, टेन्सरफ्लो सरळ केलं की ओपनसीव्ही बोंबलतं. काय करू?

देवगडचो_पोरगो

नमस्कार मंडळी. तीन दिवस झाले डोकं धरून बसलोय, आता इथे विचारतो. आमची हापूसची बाग आहे, फार मोठी नाही. मावसभावाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक पायथनचा प्रोग्रॅम केलेला, आंब्याचा फोटो दिला की डाग आहे का नाही ते सांगतो आणि आकारावरून चार डझनी पेटीत जाईल का पाच का सहा ते पण सांगतो. तो आता पुण्यात नोकरीला लागला आणि रात्री दहाच्या आधी फोन उचलत नाही. पहिली तोड झालीये, पेट्या वाशीला जायला लागल्यात, म्हटलं या वर्षी तरी चालवून बघू.

काकाचा लॅपटॉप, विंडोज ११. पायथन ३.११ होतं. भावाने सांगितल्याप्रमाणे टेन्सरफ्लो (शिकवलेलं मॉडेल चालवणारी लायब्ररी) २.१५ टाकलं, नीट बसलं. मग ओपनसीव्ही (फोटो वाचणारी लायब्ररी) टाकलं, ते पण बसलं पण शेवटी लाल अक्षरात आलं की टेन्सरफ्लो इंटेलला नमपाय (दोघांनाही लागणारी आकडेमोडीची लायब्ररी) २ च्या खालचं लागतं आणि तुझ्याकडे २.२.६ आहे. प्रोग्रॅम चालवला तर म्हणतो नमपाय १ वर कंपाइल केलेलं मॉड्यूल २.२.६ वर चालणार नाही, क्रॅश होऊ शकतं. म्हणून नमपाय १.२६.४ टाकलं तर आता ओपनसीव्ही म्हणतं मला २ च्या वरचंच पाहिजे. परत टेन्सरफ्लो, परत ओपनसीव्ही, असं चार वेळा केलं. शेवटी एकाने सांगितलं पायथनच जुनं आहे, नवीन टाक, म्हणून ३.१३ टाकलं तर आता टेन्सरफ्लो २.१५ सापडतच नाही म्हणतो, आणि नमपाय १.२६.४ टाकायला गेलो तर कंपायलर मागतोय. आमच्या वाडीत नेटला एकच दांडी येते, ती पण खळ्यात गेल्यावर, त्यामुळे दर वेळी तीनशे एमबी परत उतरवणं परवडत नाही. फोनवरून मराठी कीबोर्डने लिहितोय म्हणून कमांड पण देवनागरीतच, चालवून घ्या.

मालवणी_खाजा

रे बाबा ३.१३ कशाक घातलंस? ता काढ मरे आधी. माझापण असाच झालेला, माका वाटला लॅपटॉपच गेलो.

उगाच_शहाणा

सोपं आहे, सगळं लेटेस्ट करून टाक. टेन्सरफ्लो पण लेटेस्ट घे, २.१८ पासून ते नमपाय २ बरोबर चालतं. जुनं धरून बसायचं कशाला.

खाडीपलीकडे

@उगाच_शहाणा नको हो दादा, नवीन माणसाला हा सल्ला देऊ नका. नमपायचा प्रश्न सुटेल पण त्याच्या भावाने ट्रेन केलेलं मॉडेल २.१५ वर सेव्ह केलंय, म्हणजे केरास २ (टेन्सरफ्लोबरोबर येणारा, मॉडेल बनवायचा भाग). टेन्सरफ्लो २.१६ पासून केरास ३ येतं आणि जुनी एच५ फाइल, म्हणजे सेव्ह केलेलं मॉडेल, त्यात उघडताना बऱ्याचदा अडकते, अनरेकग्नाइझ्ड कीवर्ड वगैरे काहीतरी येतं. टीएफ-केरास नावाचं वेगळं पॅकेज टाकून जुनं केरास चालवता येतं ते खरं, पण म्हणजे एक खड्डा चुकवून दुसऱ्यात. पोराला आंबे निवडायचेत, मायग्रेशन नाही करायचं.

@देवगडचो_पोरगो आता तुझं. आधी काय झालंय ते सांगतो कारण नुसती कमांड दिली तर पुढच्या वर्षी परत इथेच येशील.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत तसं एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनची पॅकेजं राहतात ती जागा) दोन नमपाय राहत नाहीत. टेन्सरफ्लो, ओपनसीव्ही, पांडाज सगळे त्याच एका नमपायवर बसलेले. आणि यांच्या पोटात सी मध्ये कंपाइल केलेला भाग असतो, तो नमपायची आतली मांडणी धरून बांधलेला असतो. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा ती मांडणी बदलली, म्हणून १ वर बांधलेलं २ वर चालत नाही. तुझं टेन्सरफ्लो २.१५ त्याच्या आधीचं, त्याला २ च्या खालचं हवं. आणि तू व्हर्जन न सांगता ओपनसीव्ही मागितलंस म्हणून पिपने (पायथनची पॅकेजं उतरवून बसवणारं साधन) तेव्हाचं सगळ्यात ताजं दिलं, ४.१२, त्याने अट घातलीये की नमपाय २ किंवा वर आणि २.३ च्या खाली. म्हणून तर तुला नेमकं २.२.६ मिळालं. दोघांच्या अटी एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तू चार नाही चाळीस वेळा आलटून पालटून टाकलंस तरी जमणार नाही.

मग पिपने आधीच का नाही अडवलं? कारण तू एकेक करून टाकलंस. २०२० च्या शेवटी पिप २०.३ मध्ये नवा रिझॉल्व्हर आला, तो एका कमांडमध्ये जेवढं मागितलंय तेवढ्याचा मेळ घालतो, पण आधीपासून घरात कोण बसलंय त्याची पूर्ण पर्वा करत नाही. टाकून झालं की मग लाल अक्षरात सांगतो की अरे तो आधीचा पाहुणा नाराज झाला. ते लाल वाचून लोकांना वाटतं इन्स्टॉल झालंच नाही, पण ते झालेलं असतं, बिघडवूनच झालेलं असतं. हेच तू दोन्ही एका कमांडमध्ये मागितलं असतंस आणि ओपनसीव्हीचं ४.१२ हट्टाने सांगितलं असतंस तर त्याने रिझोल्यूशन इम्पॉसिबल म्हणून हात वर केले असते आणि काही टाकलंच नसतं. ते बरं.

३.१३ चं कोडं पण तेच. पिप तयार बांधलेली फाइल शोधतो, तिला व्हील म्हणतात, आणि ती व्हील पायथनच्या व्हर्जनप्रमाणे वेगळी असते. टेन्सरफ्लो २.१५ ची व्हील ३.९ ते ३.११ पुरतीच आहेत. नमपाय १.२६.४ ची ३.१२ पर्यंत. ३.१३ साठी व्हील नाही मग पिप सोर्स उतरवून तुझ्याच लॅपटॉपवर बांधायला बसतो म्हणून कंपायलर मागतो. ते व्हिज्युअल सी प्लस प्लस वगैरे टाकत बसू नकोस, दोन चार जीबी जातील तुझे.

आता कर असं. पाय डॅश शून्य मारून बघ कुठली कुठली पायथन आहेत. ३.११ अजून असेल तर उत्तम, काढलं असशील तर ३.११.९ चा इन्स्टॉलर घे, ३.११ मध्ये त्याच्या पुढचे आकडे दिसतील पण त्यांना विंडोजचा इन्स्टॉलर नाही, नुसता सोर्स आहे. ३.१३ राहिलं तर राहू दे, ते आपल्या जागी. मग प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन पाय डॅश ३.११ डॅश एम व्हेन्व्ह आणि पुढे नाव, आंबा म्हण, म्हणजे या प्रोग्रॅमपुरतं वेगळं एन्व्हायर्नमेंट बनेल. ते चालू केलंस की एकाच कमांडमध्ये सगळं माग: टेन्सरफ्लो == २.१५.०, ओपनसीव्ही-पायथन == ४.१०.०.८४, पांडाज, आणि "नमपाय<२". हे शेवटचं डबल कोटमध्येच लिही, नाहीतर सीएमडी (विंडोजची कमांड विंडो) त्या < ला फाइल समजतो आणि फाइल सापडत नाही म्हणून भलतंच रडतो, मी एकदा त्यावर अख्खी संध्याकाळ घालवलीये. झालं की पिप चेक मार. काही तुटलेलं नाही असं म्हणाला की चहा पी.

आणि नुसतं पिप लिहू नकोस, पायथन डॅश एम पिप लिही. दोन पायथन असले की नुसता पिप कोणाच्या घरात सामान टाकेल सांगता येत नाही.

उगाच_शहाणा

केरासचं लक्षात नव्हतं, बरोबर. तरी मी कोंडा (एन्व्हायर्नमेंट आणि पॅकेजं सांभाळणारं दुसरं साधन) वापरा म्हणेन.

खाडीपलीकडे

कोंडा वाईट नाही, पण एक दांडीच्या नेटवर अजून एक मोठा इन्स्टॉलर उतरवायला सांगायचं म्हणजे. व्हेन्व्ह पायथनबरोबर आयतंच येतं.

चिपळूणची_ताई

नेटवरून एक सांगते, माझं माहेर गुहागरकडे आहे आणि पावसात तिथे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. मी काय करते, इथे चिपळूणला वायफायवर पिप डाउनलोड करून सगळी व्हील एका फोल्डरमध्ये घेते, डॅश डी देऊन फोल्डरचं नाव. मग पेनड्राइव्हवर टाकून तिकडे पिप इन्स्टॉल डॅश डॅश नो इंडेक्स डॅश डॅश फाइंड लिंक्स आणि त्या फोल्डरचा पत्ता. नेटला हातच लावत नाही तो. फक्त ज्या मशिनवर उतरवशील तिथे पण विंडोज आणि पायथन ३.११ च हवं, मी एकदा भाचीच्या उबुंटूवरून उतरवून नेली, सगळी लिनक्सची निघाली, फेरी फुकट गेली.

आणि भाऊ रात्री दहाला फोन उचलतो ना, मग त्याला एकच काम सांग, त्याच्या लॅपटॉपवर जिथे हे चालत होतं तिथे पिप फ्रीझ मारून ती यादी व्हॉट्सअॅपवर पाठव म्हणावं. प्रत्येक पॅकेजचा नेमका आकडा मिळेल, अंदाज करावा लागणार नाही.

देवगडचो_पोरगो

ताई, दादा, खूप आभार. एक विचारू, भाऊ म्हणतो तो त्याचं अख्खं एन्व्हायर्नमेंटचं फोल्डरच झिप करून पाठवतो. ते चालेल ना?

चिपळूणची_ताई

नाही रे. त्या फोल्डरच्या आत त्याच्या लॅपटॉपवरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, पायथन कुठे आहे ते. तुझ्याकडे ती जागाच नाही. यादी आण, घर तिथेच बांध.

मालवणी_खाजा

आंब्याचा कलम न्हय ता, उचलून दुसऱ्या खड्ड्यात लावूक.

देवगडचो_पोरगो

अपडेट देतो. देवगडात मित्राकडे वायफाय आहे, त्याच्या लॅपटॉपवर ३.११.९ टाकून सगळी व्हील पेनड्राइव्हवर आणली. भावाच्या यादीत ओपनसीव्ही ४.८ होतं पण दादांनी सांगितलेलं ४.१० च टाकलं. इकडे एन्व्हायर्नमेंट चालू करायला गेलो तर पॉवरशेल म्हणाला या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. सरळ सीएमडी उघडून केलं, चाललं. पिप चेक पण स्वच्छ.

पण आता नवीनच. मॉडेल लोड होतं, फोटो वाचताना म्हणतो नन टाइपला शेप नाही. फोटो तिथेच आहे, मी डोळ्यांनी बघतोय, उघडतो पण. आधी एक वॉर्निंग येते त्यात फाइलचा पत्ता नुसता कचरा दिसतोय, आडवी तिडवी अक्षरं. परत व्हर्जनचाच घोळ आहे का? परत सगळं उडवू का?

खाडीपलीकडे

थांब थांब काही उडवू नकोस. फोटोंच्या फोल्डरचं नाव काय आहे?

देवगडचो_पोरगो

हापूस फोटो. मराठीतच लिहिलंय, काकाने केलेलं फोल्डर.

खाडीपलीकडे

झालं. हे व्हर्जनचं नाहीच. विंडोजवर ओपनसीव्हीचं आयएमरीड, म्हणजे फोटो वाचायचं फंक्शन, देवनागरी पत्ता वाचू शकत नाही, आणि गंमत म्हणजे एरर देऊन थांबत पण नाही, गुपचूप नन, म्हणजे काहीच नाही, देतो आणि आपण पुढे शेप विचारला की तिथे फुटतं. म्हणून लोक दुसऱ्याच ओळीला शिव्या घालत बसतात. दोन उपाय, एक तर फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत कर, आणि फोटोंची नावं पण मराठीत असतील तर ती पण. नाहीतर कोडमध्ये आयएमरीडच्या जागी नमपायच्या फ्रॉमफाइलने आधी बाइट्स वाचून घे आणि ते आयएमडिकोडला दे. ते पायथनच्या वाटेने फाइल उघडतं, त्याला मराठीचं वावडं नाही. मी दुसरा करेन, काका परत मराठीत फोल्डर करणारच.

चिपळूणची_ताई

हे मला पण माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळी फोल्डरं मराठीतच असतात, आता कळलं मागच्या गणपतीचे फोटो का वाचत नव्हता तो.

देवगडचो_पोरगो

चाललं!! आयएमडिकोडवाला केला. काल संध्याकाळी खळ्यात बसून चाळीस फळांचे फोटो काढले. पेटीचा आकार बऱ्यापैकी बरोबर सांगतो, दोन तीन ठिकाणी पाच डझनीचं फळ सहात घातलं. भावाची यादी आणि माझी पिप फ्रीझची यादी दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवलीये, पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या कप्प्यात.

मालवणी_खाजा

साको दिसता काय रे फोटोत?

देवगडचो_पोरगो

साका, म्हणजे आतला गर बिघडलेला, कापल्याशिवाय कोणाला दिसलाय, ते मशिनकडून पण नको. पण डागाचं एक झालंय, बाबांनी डाग असलेली दोन फळं मुद्दाम मध्ये घातलेली, त्यातलं एक त्याने साफ म्हणून पास केलं. डाग देठाजवळ होता आणि मी फोटो खालच्या बाजूने काढलेला. आता एका फळाचे दोन फोटो काढून दोन्हींचा निकाल एकत्र कसा करायचा ते उद्या वेगळ्या प्रश्नात विचारतो, इथे आधीच लांबलंय.