डिस्प्यूट आला की ऑर्डरची स्थिती बदलायची का?

कोडवाला_दादर
हिंदमात्याच्या एका साडीवाल्यांची वूकॉमर्सवरची (ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर) साइट मी सांभाळतो. मागच्या महिन्यात एक पैठणी दोनदा गेली.

गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली, माल मिळालाच नाही. हाच डिस्प्यूट. गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचा, वेबहुक (आपोआप येणारा निरोप) आला आणि मीच लिहिलेल्या कोडने ‘कम्प्लीटेड’ ऑर्डर ‘ऑन होल्ड’वर टाकली. आम्ही कुरिअरची सहीची पावती जोडली, जिंकलो. ‘वॉन’ आल्यावर कोडने ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ला नेली. होल्डवरून प्रोसेसिंगला जाताना वूकॉमर्स गिऱ्हाइकाला मेल धाडतं, तोही गेला. भिवंडीच्या गोदामातल्या पोराला नव्या यादीत नाव दिसलं. त्याने लेबल काढलं, साडेचौदा हजारांची दुसरी पैठणी बांधली. त्याचं काय चुकलं?

ऑर्डरची स्थिती ही पार्सलची गोष्ट, डिस्प्यूट ही पैशाची. दोन्ही एका रकान्यात कोंबू नयेत. डेटाबेसात डिस्प्यूटचं टेबल वेगळं ठेवा आणि गेटवेचा शब्द जसाच्या तसा जपा. रेझरपे या गेटवेकडे ओपन, अंडर रिव्ह्यू, वॉन, लॉस्ट, क्लोज्ड. स्ट्राइप या गेटवेकडे ‘वॉर्निंग’च्याही तीन स्थिती, ज्यात नुसती चौकशी असते, पैसे कापलेले नसतात. हे सगळं एका ‘होल्ड’मध्ये मावणार कसं?

फास्ट_लोकल
टेबल उघडणार कोण? लालबागच्या एका मसालेवाल्यांना मी अगदी असाच वेगळा टॅब करून दिला होता. त्यांचा माणूस सकाळी फक्त ऑर्डरची यादी बघतो. उत्तराची मुदत टळली, पावती खिशात असून हरलो. होल्ड दिसला असता तर निदान फोन तरी केला असता.

आणि तुमची पैठणी होल्डमुळे गेली नाही, परतताना प्रोसेसिंगला नेलीत म्हणून गेली. आधीची स्थिती लिहून ठेवा, तिथेच परत न्या. दोन ओळींचं काम.

कोडवाला_दादर
दोन ओळी? मधल्या काळात कुणी हाताने ऑर्डर रद्द केली तर ‘आधीची’ कुठली धरायची? वेबहुक दोन-दोनदा येतात, उलट क्रमानेही येतात. ‘वॉन’ आधी आणि ‘अंडर रिव्ह्यू’ मागून आलं की ऑर्डर कायमची लटकली.

फास्ट_लोकल
वेबहुकवर विसंबता कशाला? तो आला की गेटवेला एपीआयने, म्हणजे कोडमधूनच थेट, विचारायचं, आत्ता काय स्थिती आहे. तुमच्या वेगळ्या टेबललाही हे चुकणार नाहीच.

हिशेबवाली
तुम्ही दोघं साडी-मसाल्यावर भांडा, माझं दुखणं रिफंडचं बटण आहे. डिस्प्यूट चालू असताना गिऱ्हाइकाचा रडवेला फोन आला, आमच्या पोराने रिफंड देऊन टाकला. तिकडे चार्जबॅकनेही, म्हणजे डिस्प्यूटपायी बँकेने, रक्कम ओढली. एका ऑर्डरचे पैसे दोनदा गेले, ते परत मिळवता मिळवता मार्चअखेर आली. स्थिती कुठेही ठेवा, ते बटण बंद करा.

कोडवाला_दादर
ताई, सरसकट नको. स्ट्राइपच्या चौकशीच्या टप्प्यात पूर्ण रिफंड दिला तर पुढचा चार्जबॅक टळतो. तिथे बटण उघडंच हवं. म्हणून तर म्हणतो, मूळ शब्द पुसू नका.

फास्ट_लोकल
मूळ शब्द जपा, हे मान्य. पण ‘वॉन’ दिसलं म्हणून नाचू नका. कार्डाच्या व्यवहारात बँक त्यानंतरही प्री-आर्बिट्रेशनला, म्हणजे त्याच वादाच्या पुढच्या फेरीला, जाऊ शकते. ‘आता बदलणार नाही’ असं कोडमध्ये गृहीत धरलंत तर पुन्हा फसाल.

कोडवाला_दादर
ठीक. स्थितीला हात लावणार नाही, पण ऑर्डरच्या पानावर लाल पट्टी लावतो, मुदतीच्या तारखेसकट.

फास्ट_लोकल
भिवंडीचा पोरगा ऑर्डरचं पान उघडतो का?

कोडवाला_दादर
नाही. यादी छापतो. बरं, पट्टी यादीतही लावतो.

हिशेबवाली
ते राहू दे. ती दुसरी पैठणी परत आली का?

कोडवाला_दादर
गिऱ्हाईक म्हणतं, मिळालीच नाही.