भूपट्टांच्या टकरीचे प्रारूप: ताठ ठोकळे की वाहता थर?

कणाश्म, भ्रंशरेषा आणि अवसाद या तिघांमधील चर्चा

कणाश्म

दोन खंड एकमेकांवर आदळतात तेव्हा मधल्या भूकवचाचे काय होते, हे गणिताने मांडण्याचे दोन मार्ग चाळीसहून अधिक वर्षे समोरासमोर उभे आहेत. पहिल्या मार्गात भूकवच म्हणजे भ्रंशांनी (ज्यांवरून खडक सरकतात अशा भेगांनी) वेगळे केलेले ताठ ठोकळे असतात आणि विरूपण, म्हणजे आकारातील बदल, केवळ त्यांच्या कडांवर घडते. दुसरा मार्ग फिलिप इंग्लंड आणि डॅन मॅकेन्झी यांनी १९८२ मध्ये मांडला. त्यात भूकवच आणि त्याखालचा प्रावरणाचा घट्ट भाग मिळून एकच पातळ थर मानला जातो आणि लाखो वर्षांच्या कालावधीत तो अतिशय दाट द्रवासारखा सर्वत्र थोडा थोडा वाहतो. टकरीमागची कारणे समजून घ्यायची असतील तर हा दुसराच मार्ग धरायला हवा, असे माझे ठाम मत आहे, कारण ठोकळ्यांच्या हिशेबात उंचावलेल्या भूमीच्या वजनाला जागाच नाही.

तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे ५,००० मीटर आहे आणि त्याखालचे भूकवच सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे सामान्य खंडीय कवचाच्या जवळपास दुप्पट जाड आहे. हा भार भोवतालच्या सखल प्रदेशाला सीमेच्या दर मीटर लांबीमागे काही लाख कोटी न्यूटन इतक्या बलाने बाहेर रेटतो, आणि भूपट्ट एकमेकांना ज्या बलाने ढकलतात त्याच तोलामोलाचे हे बल आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटा देत असतानाही पठाराच्या माथ्यावरची जमीन पूर्व-पश्चिम दिशेने पसरते आहे आणि तेथे उत्तर-दक्षिण खचदऱ्या पडल्या आहेत. आकुंचनाच्या ऐन मध्यात हे प्रसरण का, याचे उत्तर गुरुत्वाला बाजूला ठेवून देता येईल असे मला वाटत नाही. जमिनीच्या हालचालीच्या उपग्रहीय मोजमापांशी आकडे जुळेपर्यंत ठोकळ्यांची संख्या वाढवत नेणे हे वर्णन झाले, स्पष्टीकरण नव्हे.

भ्रंशरेषा

वजनाचा मुद्दा कोणीच नाकारत नाही. परंतु १४ नोव्हेंबर २००१ रोजी उत्तर तिबेटमधील कुनलुन भ्रंश ७.८ महत्तेच्या भूकंपात सुमारे ४०० किलोमीटर लांबीपर्यंत फाटला. इतका लांब आणि इतका सरळ भ्रंश तुमच्या वाहत्या थरात उपजतच नाही.

पॉल तापोनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच प्लॅस्टिसिनच्या (खेळण्याच्या मऊ मातीसारख्या पदार्थाच्या) ठोकळ्यात ताठ दट्ट्या घुसवून प्रयोग केले. एक बाजू मोकळी ठेवल्यावर मोठमोठे तुकडे भ्रंशांवरून घसरत त्या बाजूला निसटले. आग्नेय आशियातील रेड रिव्हर भ्रंशपट्ट्यातील खडकांत नेमक्या अशाच, शेकडो किलोमीटरच्या जुन्या सरकण्याच्या खुणा आहेत.

शिवाय दोन भूकंपांच्या मधल्या काळात भ्रंश घट्ट अडकलेला असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन कित्येक किलोमीटर रुंदीवर लवचीकपणे वाकते आणि वेगातील फरक सलग, सौम्य दिसतो. अशा सौम्य आलेखाला वाहण्याचा पुरावा मानणे मला घाईचे वाटते.

अवसाद

आपण दोघेही नकाशाकडे वरून पाहत आहात. पातळ थराच्या प्रारूपात वरपासून खालपर्यंत वेग एकच धरला जातो. पण तिबेटच्या अंतर्भागातील बहुतेक भूकंप वरच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्येच होतात आणि त्याखालचे तापलेले कवच बरेच मऊ आहे, असे अनेक पुरावे सांगतात. पूर्वेकडील लाँगमेन शान पर्वतरांगेत सिचुआन खोऱ्यापासून अवघ्या पन्नासेक किलोमीटरमध्ये भूमी चार हजार मीटरहून अधिक उंच जाते, तरीही रांगेच्या आरपार आकुंचनाचा मोजलेला वेग वर्षाला जेमतेम तीन मिलिमीटर होता. एवढी उंची खालून वाहत आलेल्या मऊ कवचाने उचलली असावी, हा विचार त्यातूनच पुढे आला. मात्र २००८ मध्ये तेथेच ७.९ महत्तेचा भूकंप होऊन भ्रंश फाटला, तेव्हा तो विचारही एकट्याने पुरेसा नाही हे दिसून आले.

कणाश्म

भ्रंशरेषा, त्या प्रयोगात प्लॅस्टिसिन वरून आणि खालून पट्ट्यांमध्ये दाबून धरलेले होते. जाडी वाढण्याची वाटच बंद असल्यावर तुकडे बाजूलाच निसटणार. प्रत्यक्षात कवच दुप्पट जाड झाले आहे, आणि तीच तर टकरीची सर्वांत मोठी खूण आहे.

भ्रंश अडकल्यामुळे वेगातील फरक रुंदीवर पसरतो हे खरे, पण तो नाहीसा होत नाही. पठाराच्या उत्तर कडेवरील अल्तिन ताघ भ्रंशावर वर्षाला २० ते ३० मिलिमीटर सरकणे होते, असा अंदाज काही अभ्यासकांनी भ्रंशामुळे सरकलेल्या नदीकाठच्या जुन्या, पायऱ्यांसारख्या सपाट भागांवरून बांधला होता, तर उपग्रहीय मोजमापांत तेथील फरक साधारण १० मिलिमीटरच निघतो. भारत आणि यूरेशिया वर्षाला ३५ ते ४० मिलिमीटर जवळ येत असताना हा वाटा इतका लहान असेल, तर निसटणारे ठोकळे टकरीचा मुख्य भार वाहतात असे म्हणता येणार नाही.

अवसाद, आपला आक्षेप मला मान्य आहे. जेथे तळाचे कवच खरोखर वेगळ्या वेगाने वाहते तेथे सरासरी घेऊन चालणार नाही, तिथे तिन्ही मितींचे गणितच हवे.

भ्रंशरेषा

वेग कमी निघाला म्हणजे ठोकळा हळू सरकतो इतकेच सिद्ध होते. ठोकळा नाही असे नव्हे. अल्तिन ताघच्या उत्तरेला तारीमचे खोरे पाहा. त्याच टकरीचा रेटा सोसूनही ते आतून जवळजवळ विरूप होत नाही आणि अख्खेच्या अख्खे सावकाश फिरते आहे. तुमच्या प्रारूपात हे दाखवायचे तर तारीमच्या जागी थराचा दाटपणा आधीच कित्येक पट वाढवून ठेवावा लागतो. तो आकडा आणि त्याची हद्द तुम्ही नकाशावर पाहून ठरवता, म्हणजे मी ठोकळ्याची कड जशी ठरवतो अगदी तशीच. मग माझ्या पद्धतीला केवळ वर्णन आणि तुमच्या पद्धतीला स्पष्टीकरण कोणत्या आधारावर म्हणायचे?