क्लस्टर बॉम्ब: बंदी करारावर भारताची सही नाही, म्हणून कायदाही नको?

देवळालीची लेक:
माझं माहेर देवळालीच्या फायरिंग रेंजला लागून. लाल झेंडा दिसला की आजी गुरं घराकडे वळवायची. माळावर काही चमकलं तरी हात लावायचा नाही, हे आम्ही चालायला लागलो तेव्हापासून ऐकलंय. लाओसच्या पोरांना सांगायला झेंडाही नव्हता. क्लस्टर बॉम्ब म्हणजे हवेत उघडून मोठ्या पट्ट्यात छोटे बॉम्ब विखुरणारा बॉम्ब. १९६४ ते १९७३ मध्ये तिथे असे सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब पडले, त्यातले अंदाजे ८ कोटी फुटलेच नाहीत. क्लस्टर बॉम्बवरच्या २००८ च्या बंदी कराराचं नववं कलम सांगतं, नुसती सही पुरत नाही, देशात शिक्षेची तरतूद असलेला कायदा हवा. ब्रिटनने २०१० मध्ये तो केला. आपण का नाही?

माजी गनर, नाशिकरोड:
ताई, तोफखान्यात २४ वर्षं काढली आहेत. चीनची सही नाही, पाकिस्तानचीही नाही. खिंडीतून रणगाडे आणि पायदळ एकत्र आलं, तर एकेक गोळा मारत बसायला वेळ नसतो. लिथुआनिया तर करारात होता, तोही मार्च २०२५ मध्ये बाहेर पडला. शेजारी रशिया असल्यावर दुसरं काय करणार?

आडगावचा वकील:
सही नसताना राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाचा आधार मिळणार नाही, ते करार अमलात आणण्यासाठी आहे. पण शस्त्रं, दारूगोळा, स्फोटकं हे विषय केंद्र सूचीत पाचव्या नोंदीत आहेत. संसदेने मनावर घेतलं तर उद्या कायदा होईल. रासायनिक अस्त्रांचा कायदा आपण २००० साली केला आणि २००९ पर्यंत साठाही नष्ट केला.

माजी गनर, नाशिकरोड:
वकीलसाहेब, रासायनिक अस्त्रांच्या बंदी करारात चीन आणि पाकिस्तान दोघंही होते. हा फरक सोडून कसं चालेल?

देवळालीची लेक:
काका, हा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून साठा आजच नष्ट करा असं मी म्हणत नाही. पण परदेशी विक्रीवर बंदी घालायला शेजाऱ्याच्या सहीची वाट कशाला? खिंडीतल्या लढाईत त्याने काही कमी पडत नाही. आणि कायदा करायचाच तर फटी न ठेवता करावा. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये बंदी घातली, पण करारात नसलेल्या देशांच्या सैन्याला आपल्या तळांवर हेच बॉम्ब ठेवायची मुभा दिली. मग बंदी कुणावर घातली?

माजी गनर, नाशिकरोड:
विक्रीबंदीला माझा विरोध नाही. आणखी एक मात्र हवंच: कुठे टाकले त्याची नोंद तोफखान्याने ठेवायची आणि लढाई थांबताच ती साफसफाई करणाऱ्यांच्या हातात द्यायची. न फुटलेला गोळा शोधताना अंगावर येणारा काटा मला ठाऊक आहे, तो शेतकऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

आडगावचा वकील:
काही पारंपरिक शस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, युद्धानंतर उरलेल्या स्फोटकांबद्दलचा पाचवा प्रोटोकॉल (जोड-करार) भारताने स्वीकारलेला आहे. नोंदीची जबाबदारी त्यात आहेच. म्हणजे तुमच्या या मागणीपुरता २५३ चा रस्ता उघडा आहे, काका.