फसाड पॅनेलचे चारही कोपरे वेल्ड करणं बंद व्हायला हवं
(चर्चा; प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ओळंबा
साइटवर ओतलेली आरसीसी चौकट आणि बाहेरून प्रीकास्ट (आधीच ओतून आणलेली) दर्शनी भिंतीची म्हणजे फसाडची पॅनेल, अशा कामांत पॅनेलच्या चारही कोपऱ्यांतल्या एम्बेड प्लेट (काँक्रीटमध्ये रोवलेल्या पोलादी प्लेट) बीमच्या प्लेटांना अँगल लावून सरसकट वेल्ड केलेल्या दिसतात. माझा याला ठाम विरोध आहे. पॅनेलला दोनच बेअरिंग (वजन पेलणारे आधार) हवीत, दोन्ही एकाच पातळीवर. त्यांतलं एक पक्कं, दुसरं पॅनेलच्या लांबीत सरकणारं. उरलेल्या दोन टायनी (बांधून धरणाऱ्या जोडांनी) फक्त आत-बाहेर धरायचं.

६ मी. × ३.४ मी., १५० मिमी जाडीचं सलग पॅनेल घ्या. वजन ७६.५ किलोन्यूटन, म्हणजे पावणेआठ टनांच्या आसपास. दोन बेअरिंग असतील तर प्रत्येकी ३८, हिशेब सरळ. चार केली की बीम जरा वाकताच भार कुठल्या दोघांवर गेला ते कुणालाच सांगता येत नाही. मग प्रत्येक ब्रॅकेट (आधाराचा पोलादी टेकू) निम्म्या वजनाला डिझाइन करावा लागतो. मग बचत झाली ती काय?

तापमानाचंही तेच. बेसॉल्टच्या खडीच्या काँक्रीटचा प्रसरणांक सुमारे ०.९ × १०⁻⁵ प्रति अंश. ३० अंशांच्या फरकाला ६ मीटरमागे १.६ मिमी. हे आकुंचन पूर्ण अडवलं तर एम-४० दर्जाच्या काँक्रीटमध्ये साडेआठ मेगापास्कलचा ताण येतो आणि तडकण्याची मर्यादा आहे ४.४. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरक्या भेगा बऱ्याचदा इथूनच येतात.

तुळई
साडेआठचा आकडा पॅनेल पूर्ण जखडलं तरचा. प्रत्यक्षात अँगलचा पाय वाकतो, बीम थोडा फिरतो, ताण उतरतो. आणि भूकंपात वेल्ड केलेला अँगल आधी लवतो, एकदम तुटत नाही. बोल्टच्या सांध्यात स्लॉट (बोल्टला सरकायला ठेवलेलं लांबट भोक) संपला की धक्का थेट बोल्टवर. २०१२ च्या मे महिन्यात इटलीतल्या एमिलियात कारखान्यांची पॅनेल कोसळली, ती बहुतांशी चॅनेल-बोल्टचीच (काँक्रीटमधल्या पोलादी चॅनेलच्या खाचेत अडकणाऱ्या बोल्टची) होती.

ओळंबा
अँगल वाकतो तो कोपऱ्याच्या रेषेवर, म्हणजे आत-बाहेर. पॅनेलच्या लांबीच्या दिशेत तोच पाय उभ्या प्लेटसारखा ताठ असतो आणि तिथली हालचाल वेल्डच्या टोकांवर येते. आपल्याला मोकळीक नेमकी त्याच दिशेत हवी.

एमिलियाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते सांधे पॅनेल बाहेर पडू नये एवढ्यासाठीच योजलेले होते. चौकट पॅनेलच्या प्रतलात झुलली, चॅनेलमधली मोकळीक संपली, चॅनेलचे ओठ उघडले आणि बोल्टचं डोकं निसटलं. मोकळीक होती, पण पुरेशी नव्हती.

तुळई
ती एकमजली, लवचीक चौकटीची शेड होती. शिअर वॉल (आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) असलेल्या टॉवरमध्ये मजल्यांमधली सरक पुष्कळ कमी असते. तेवढ्यासाठी प्रत्येक टायला लांब स्लॉट हवाच का?

ओळंबा
आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाची मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ३.४ मीटरला १३.६ मिमी. तुमच्या टॉवरमध्ये ती निम्मी धरू. पण हा हिशेब आर-गुणकाने (चौकट लवेल हे धरून बल कमी करणाऱ्या आकड्याने) कमी केलेल्या बलाचा आहे. मोठ्या भूकंपात खरी सरक त्याच्या कितीतरी पट. म्हणून मी वरच्या टायला स्लॉटपेक्षा लांब आटेदार सळई पसंत करतो. २० मिमी व्यासाची, साडेतीनशे-चारशे मिमी मोकळी. ताण-दाब घेते, आडवी वाकते, आणि मोकळीक एकदम संपण्याचा प्रश्न येत नाही. दाबाखाली ती बकल होते (एकदम बाजूला वाकते) का, ते मात्र तपासायलाच हवं.

या टायना हलकं समजू नका. पॅनेलचा गुरुत्वमध्य बेअरिंगच्या बाहेर साधारण २०० मिमी असतो, म्हणजे १५.३ किलोन्यूटन-मीटरचा आघूर्ण. बेअरिंग आणि टाय यांत २.७ मी. अंतर असेल तर वारा नसतानाही वरच्या दोन टायमध्ये मिळून ५.७ किलोन्यूटनचा ताण कायम. वाऱ्याचं शोषण १.५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. धरलं तर पॅनेलवर आणखी ३१, आणि त्यातला निम्मा वाटा वरच्या टायचा. इमारतीच्या कोपऱ्यांवर शोषण याहून जास्त असतं.

परांची
कागदावर सगळं ठीक आहे. साइटवर बीममधली एम्बेड प्लेट २०-२५ मिमी सरकलेली मिळते, कारण शटरिंगवाल्यांच्या हातात एम्बेडचं ड्रॉइंगच पोहोचत नाही. मग बोल्ट बसतो स्लॉटच्या टोकाला आणि तुमची मोकळीक पहिल्याच दिवशी संपते. शिवाय फिटर नट आवळून ठेवतो. २०० × २०० ची प्लेट आणि वेल्ड असेल तर ही चूक पोटात घालता येते. म्हणूनच साइटला वेल्ड आवडतो.

ओळंबा
तक्रार अगदी खरी आहे आणि चूक डिझाइनवाल्यांची आहे. एकच स्लॉट जुळवाजुळवीलाही आणि हालचालीलाही दिला की असंच होणार. दोन कामं, दोन तुकडे. बीमकडच्या क्लीटमध्ये (जोडणीच्या छोट्या पोलादी तुकड्यात) जुळवणीचा स्लॉट ठेवा आणि पॅनेल ओळंब्यात आलं की तो दातेरी वॉशरने किंवा वेल्डने पक्का करा. इथे वेल्डला माझी हरकत नाही. बेअरिंगच्या शिमना (पातळी जुळवायच्या चकत्यांना) वेल्डचे टाके मारायलाही नाही. हालचालीचा स्लॉट दुसऱ्या तुकड्यात, त्यात बोल्ट मधोमध, घसरता वॉशर, नट हाताने बसवून जरा मागे आणि त्यावर लॉकनट. प्रत्येक स्लॉटचा फोटो काढल्याशिवाय सीलंटवाल्याला पुढे जाऊ देऊ नये. आणखी एक: शिम बसल्यावर लेव्हलिंग बोल्ट (पॅनेल वर-खाली करायचा) सैल केलाच पाहिजे, नाहीतर भार शिमवर येतच नाही.

परांची
हे चालेल, जर क्लीट वेळेत आले तर. पण प्लेट जागेवरच नसेल तेव्हा काय होतं तेही लिहा. बीमच्या कडेपासून ६० मिमीवर केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) मारतात. कडेचं काँक्रीट शंकूसारखं निघून येतं, आधी काही खूण न देता. त्यापेक्षा चुकलेल्या जागेची प्लेट बरी.

क्षारवारा
समुद्राजवळ साइट-वेल्डने जस्ताचा थर जळतो आणि सांधा पॅनेलमागे कायमचा झाकला जातो. झिंक पेंटचा हात त्याची जागा घेत नाही. तिथे ३१६ दर्जाचं स्टेनलेस वापरा आणि आट्यांना वंगण लावा, नाहीतर नट अर्ध्यातच जाम होतो.

चौकट
सगळे ब्रॅकेटबद्दल बोलताहेत, बेअरिंग कशावर टेकतंय ते कुणी विचारत नाही. फ्लॅट स्लॅबच्या (बीमशिवाय थेट कॉलमवर टेकलेल्या स्लॅबच्या) कडेला कॉलम ९ मीटरवर असतील तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे नंतरचा झोल (खाली वाकणं) २० मिमीपर्यंत चालतो. पॅनेलमधला सांधाही २० मिमीचाच, आणि २५ टक्के हालचालीचं सीलंट त्यात ५ मिमी झेलतं. मधले मजले साधारण सारखेच झोलतात म्हणून निभावतं, पण गच्चीखालचं आणि सर्वांत खालचं पॅनेल मार खातं. बेअरिंग कॉलमजवळच घ्यायला हवीत.

परांची
कॉलम ते कॉलम ९ मीटरचं पॅनेल म्हणजे साडेअकरा टन. जिबच्या (आडव्या हाताच्या) टोकाला दोन-तीन टन उचलणारी टॉवर क्रेन ते कसं नेणार?

चौकट
नेऊ शकणार नाही. मग पॅनेल लहान करा, पण कडेला खोल बीम द्या आणि तो झोलासाठी वेगळा तपासा. क्रेनची निवड आणि पॅनेलचं माप एकाच बैठकीत ठरलं पाहिजे, आणि तेही स्लॅबचं ड्रॉइंग साइटवर जाण्याआधी.