मदत हवी आहे: चोरीस (गोव्याचं डुकराच्या मटणाचं मसालेदार सॉसेज) पावसात कशी टिकवायची?

मंडळी, मागच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातनं चोरीसच्या दोन माळा आणल्या, चोरला घाट चढून जांबोटीला घरी येईस्तोवर अख्ख्या गाडीत व्हिनेगर नि मिरचीचा वास. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ती आंबट-खारट चव मला अजिबात झेपली नव्हती, आता कांदा-बटाटा घालून थोड्या पाण्यात शिजवली की तिचीच चरबी सुटते, तेल नको नि वरनं मीठ तर नकोच, सोबत पाव, लई भारी लागतंय. पण आमच्याकडं पावसात सगळं ओलंच असतंय, एका माळेवर गाठीपाशी पांढरं पांढरं दिसायलंय. ती टाकूनच द्यायची काय? आणि दुसरी चुलीवर धुरात टांगू की फ्रीजरमध्ये ठेवू? घरात करणाऱ्यांनी जरा सांगा की, आईलापण आत्ताशी आवडायला लागलीय.