मुखशोष, कोरड की 'तोंड सुकून रायलं'?

प्रश्न
मी नागपुरात पॅलिएटिव्ह केअरची नर्स. रोग हाताबाहेर गेलेल्या पेशंटच्या घरी जाऊन घरच्यांना शुश्रूषा शिकवते. त्यांच्यासाठी एक पान लिहायला घेतलं आणि मथळ्यालाच अडले. तोंड सुकण्याच्या त्रासाला, म्हणजे 'झेरोस्टोमिया'ला, छापील कागदांत 'मुखशोष' असतं. ते वाचून एका काकूंनी विचारलं, "हा अजून कोणता रोग निघाला जी?" पेशंट तर म्हणतात, "सिस्टर, तोंड सुकून रायलं."

प्रतिसाद
काकू उगाच नाही घाबरल्या. 'शोष' संस्कृत शुष् धातूतला, म्हणजे सुकणं. पण आयुर्वेदात क्षयाचंही ते एक नाव आहे. 'कोरड' लिहा. मात्र कोरड बहुधा घशाला पडते. तोंड 'कोरडं पडतं' किंवा 'सुकतं'.

दुसरे
साधं 'तहान' का नको?

प्रश्नकर्ती
तहान पाण्यानं भागते, ही भागत नाही. धडधाकट माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. दुखणं कमी करायला देतात त्या मॉर्फिननं ती कमी होते. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेल्यांना शेक (रेडिएशन) दिला की लाळेच्या ग्रंथीच निकामी होतात. 'तहान' म्हटलं की घरचे पेलाभर पाणी ओततात, आणि ज्याला गिळता येत नाही त्याला ठसका लागतो.

माझीही एक चूक सांगते. एका मुलाला म्हटलं, "बाबांच्या तोंडात थोडं थोडं पाणी घालत जा." त्याचा चेहराच उतरला. बाहेर जाऊन बहिणीला फोन, "ताई, निघून ये." आणि बाबा आत कूलरसमोर बसून संत्र्याची फोड मागत होते!

तिसरे
बरोबरच आहे, बाप्पा. तोंडात पाणी शेवटच्या घटकेला घालतात. 'तोंड ओलं करा' म्हणा. 'कापसाचा बोळा'ही नको, नाकातले बोळे आठवतात.

प्रश्नकर्ती
हे लक्षातच आलं नव्हतं! मग 'बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळून' असं लिहिते. ओठांना, जिभेला, गालांच्या आतून. जागेपणी दर दोन तासांनी तरी. लिंबू-ग्लिसरीनचा जुना रिवाज मात्र मोडायचाय. ग्लिसरीन उलट ओलावा ओढून घेतं, लिंबू झोंबतं. संत्र्याची फोडही तोंड आलेलं नसेल तरच द्यायची.

प्रतिसाद
आणि 'कृत्रिम लाळ'? लाळ गाळणं, लाळघोटेपणा... त्या शब्दाला मराठीत एकही बरा शेजारी नाही.

प्रश्नकर्ती
म्हणून मी 'तोंड ओलं ठेवायचा स्प्रे' म्हणते. लाळ म्हटली की आजी तोंड मिटून घेतात. तर मथळा: 'तोंड सुकतं का? आधी ओलं करा.'

दुसरे
छान. फक्त 'सुकतं'वरचा अनुस्वार छापताना उडतो, प्रूफ बघून घ्या.